ग्रान पारादिझो स्कीवर: गाइडबरोबर जाताना आपल्या वाट्याचं काम

इटलीतल्या आओस्ता खोऱ्यात वाल्सावारांशची दरी जिथे संपते, तिथे पोंत नावाची छोटीशी वस्ती आहे. डांबरी रस्ता तिथेच थांबतो. उंची १९६० मीटर. म्हणजे गाडीतून पाय खाली टेकतो तेव्हाच आपण कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१६४६ मीटर) तीनशे मीटर वर असतो आणि अजून २१०० मीटर वर जायचं असतं, ४०६१ मीटरच्या ग्रान पारादिझोवर. पूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेलं हे सर्वांत उंच शिखर. आल्प्समधलं चार हजार मीटरच्या वरचं पहिलं शिखर स्कीवरून करायचं, तर बहुतेक गाइड हेच सुचवतात, कारण इथे खडकाचं अवघड काम फक्त शेवटच्या काही मीटरांत आहे.

मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी ३७०० मीटरवरून परत फिरलो, दुसऱ्या वेळी माथ्यावर पोचलो. दोन्ही वेळा गाइड होता. दोन्हींतला फरक हवामानाचा होताच, पण त्याहून जास्त माझ्या तयारीचा होता. हा लेख त्या तयारीबद्दल आहे. गाइड वाट शोधतो, हिमनदी वाचतो, दोर सांभाळतो. पण तुमच्या पायांतलं बळ, तुमच्या स्किन्सचा (चढताना स्कीला चिकटवायच्या पट्ट्यांचा) गोंद, तुमच्या डोक्यातलं दुखणं आणि तुमचा खरेपणा यातलं काहीही तो सांभाळू शकत नाही.

आधी स्वतःला तपासा

स्की-माउंटेनिअरिंग म्हणजे स्कीच्या तळाला स्किन्स नावाची लवदार पट्टी चिकटवून चढायचं, वर गेल्यावर ती काढायची आणि स्की करत उतरायचं. लव एकाच दिशेला झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. चढताना टाच मोकळी असते, उतरताना ती बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, अडकवायची.

आपल्याकडचे ट्रेकर चढाईला घाबरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. आतकरवाडीतून सिंहगड एका दमात दोनदा चढून उतरणाऱ्याने जवळपास शिखराच्या दिवसाएवढी चढाई केलेली असते. पाठीवर आठ-दहा किलो घेऊन हे जमत असेल, कात्रज ते सिंहगड रात्रीतून करून दुसऱ्या दिवशी चालता येत असेल, तर दम पुरेल. आपल्या माणसांची अडचण उतारावर होते. सपाट केलेल्या स्की-उतारावर छान वळणारा माणूस पाठीवर बोजा, दमलेल्या मांड्या आणि वाऱ्याने कडक झालेलं बर्फ असं सगळं एकत्र आलं की दर वळणाला पडतो. हिमनदीवर पडणं म्हणजे नुसतं कपड्यांत बर्फ जाणं नव्हे. पुलासारख्या पातळ बर्फावर तुम्ही आपटता आणि खाली पोकळी असू शकते.

म्हणून कसोटी सरळ ठेवा. युरोपातल्या स्की-केंद्रांवरचे लाल खुणेचे, म्हणजे मध्यम अवघड, उतार कुठल्याही बर्फात, पाठीवर बोजा घेऊन, न पडता उतरता आले पाहिजेत. त्याशिवाय तयार न केलेल्या बर्फावर दहा-बारा दिवस काढलेले हवेत. भारतात शिकायचं तर गुलमर्ग आणि औली इथे कोर्स होतात, आणि गुलमर्गचा मऊ, खोल बर्फ न तयार केलेल्या उतारांची चांगली ओळख करून देतो. फक्त आल्प्सचा वसंतातला बर्फ वेगळा असतो. पहाटे काचेसारखा, दहा-अकराला वर दोन बोटं मऊ, दुपारी लापशी. तिन्हींवर पाय बसले पाहिजेत.

शिखरावर येण्याआधी किमान दोन-तीन छोट्या स्की-टूर करा, प्रत्येकी हजार मीटर चढाईच्या. त्यात किक टर्न पक्का करा. तीव्र उतारावर नागमोडी चढताना दिशा बदलायची ही पद्धत. आधी दोन्ही स्की उताराला आडव्या, जवळजवळ सपाट ठेवून स्थिर उभं राहायचं, काठ्या नीट रोवायच्या. मग वरची स्की उचलून नव्या दिशेला फिरवायची, तिच्यावर वजन टाकायचं, आणि खालच्या पायाची टाच हलकेच झटकायची म्हणजे स्कीचं टोक वर येतं आणि ती मागोमाग फिरते. ऐकायला सोपं आहे. कडक बर्फावर, वाऱ्यात, खाली तीनशे मीटरचा उतार दिसत असताना ते हजारदा केलेलं असावं लागतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक किक टर्नला अर्धं मिनिट घेत होतो आणि मागचे तिघं थंडीत थांबत होते.

गाइड आणि तारखा

गाइडकडे आयएफएमजीएचा बिल्ला आहे का ते आधी बघा. हिमनदी, दोरकाम आणि स्की या तिन्हींचं प्रशिक्षण घेतलेल्या पर्वत-गाइडचा हा आंतरराष्ट्रीय बिल्ला आहे. स्की शिकवणारा उत्तम शिक्षक हिमनदीवर न्यायला पात्र असतोच असं नाही. एका गाइडबरोबर चौघांपेक्षा जास्त जण असतील तर मी तरी जात नाही. डोंगरावरच्या मुक्कामाच्या निवासात गाइडची राहण्या-जेवणाची सोय पाहुण्यांनी करायची ही तिथली रीत आहे, ती खर्चात धरा.

चौकशीच्या पहिल्याच पत्रात स्वतःबद्दल खरं लिहा. किती दिवस स्की केलंय, कुठल्या बर्फावर, सर्वांत उंच कुठे झोपलात, गुडघ्याचं काही आहे का. इथे फुगवून सांगितलेली प्रत्येक गोष्ट वर उघडी पडते, आणि तिचा भार बरोबरच्यांवर येतो. गाइडला तुम्हीही प्रश्न विचारा: हवामान बिघडलं तर दुसरा बेत काय, पैसे कसे परत मिळतात, हिमनदीवर दोर केव्हा बांधणार.

हंगाम मार्चअखेरपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत. त्या आधी बर्फ अजून बसलेला नसतो, नंतर खालचा भाग स्की पाठीवर घेऊन चालावा लागतो. दोन दिवसांत शिखर होतं, पण भारतातून येणाऱ्याने चार दिवस हातात ठेवावेत: एक उंचीची सवय व्हायला, एक हवामानासाठी राखीव. शेंगेन व्हिसा आणि पर्वतीय बचाव असलेला विमा यांचं काम आधीच उरका. आपल्याकडच्या साध्या प्रवासी विम्यात गिर्यारोहण बहुतेक वगळलेलं असतं, तेव्हा कागद पूर्ण वाचा. युरोपात राहणाऱ्यांना एखाद्या अल्पाइन क्लबचं सदस्यत्व सोयीचं पडतं: बचावाचा विमा मिळतो आणि निवासात राहणं स्वस्त पडतं.

सामान

हिमस्खलनाची तीन साधनं प्रत्येकाकडे हवीत: बीकन (गाडलेल्याला शोधण्याचं संकेत-यंत्र), प्रोब (बर्फात टोचून पाहायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. इटलीत हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात स्की-टूर करताना ही तिन्ही बाळगणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे. बीकन सतत ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवतो. तो अंगावरच्या आतल्या थरात बांधायचा, पिशवीत नाही. मोबाइल आणि इतर विजेची उपकरणं त्याच्यापासून २० सेंटिमीटर लांब, आणि शोध घेताना ५० सेंटिमीटर लांब.

ही साधनं विकत घेऊन भागत नाही. मित्राला बागेत बीकन पुरायला सांगा आणि शोधा. पुन्हा पुन्हा शोधा. बाण दाखवेल तसं जायचं, शेवटच्या तीन मीटरांत बीकन जमिनीलगत धरून सर्वांत छोटा आकडा गाठायचा, तिथून गोलाकार, २५-२५ सेंटिमीटरवर प्रोब टोचत जायचा, आणि लागला की उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत शिरायचं. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. हेलिकॉप्टर त्या वेळात येत नाही. जो गाडला जाईल तो गाइडही असू शकतो, आणि मग शोधणारे तुम्हीच.

हिमनदीसाठी: हार्नेस (दोर बांधायचा कमरपट्टा), दोन-तीन लॉकिंग कॅराबिनर (कुलपाच्या कड्या), दोन प्रुसिक दोऱ्या (मुख्य दोराला पकडणाऱ्या गाठींसाठी), एक लांब स्लिंग (शिवलेला पट्टा), एक आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा खिळा), हलकी आइस अ‍ॅक्स आणि बुटांना आधीच बसवून पाहिलेले क्रॅम्पॉन (बुटाखालचे धातूचे काटे). स्की-क्रॅम्पॉन वेगळे. ते बाइंडिंगखाली बसतात आणि पहाटेच्या काचेसारख्या बर्फावर त्यांच्यामुळेच पाय टिकतो. तुमच्या स्कीच्या रुंदीचे आहेत ना, हे घरीच बघा. भाड्याने सगळं मिळतं, पण बूट भाड्याचे असतील तर त्यात आधी एक पूर्ण दिवस घालवा. पायाला फोड आला की पुढचं सगळं संपलं.

स्किन्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पहिल्या वेळी मी इथेच चुकलो. निवासाच्या ओसरीवर स्किन्स तशाच टांगून ठेवल्या. पहाटे गोंदावर बर्फाचे कण होते. हाताने झटकले आणि चिकटवल्या. ३४०० मीटरवर डाव्या स्कीची पट्टी मागून सुटली, मग पुढून. रबरी पट्ट्याने बांधून कसंबसं पुढे गेलो, पण वेळ गेला आणि हात बधिर झाले. तेव्हापासून नियम: संध्याकाळी गोंदाची बाजू कोरडी पुसायची, स्किन्स आत वाळवायच्या, आणि दिवसा मधल्या थांब्यावर काढल्या की दुमडून जॅकेटच्या आत, छातीशी ठेवायच्या. गोंद ऊब मिळाली तरच काम करतो. दोन रबरी पट्टे खिशात असू द्या.

पाणी बाटलीतच घ्या, नळीवाल्या पिशवीची नळी गोठते. चष्मा पूर्ण बाजू झाकणारा, आणि एक जास्तीचा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग परत फेकतो, त्यामुळे नाकपुड्यांच्या आतल्या कडेला, हनुवटीखालीसुद्धा क्रीम लावायचं. खाण्याच्या बाबतीत आपल्या घरचं काही कमी नाही. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, तिळगुळाची पोळी हे थंडीत टिकतं आणि हातमोजे घालूनही खाता येतं. चॉकलेट मात्र दगड होतं.

पोंत ते निवास

पहिल्या दिवशी पोंतहून व्हित्तोरिओ इमान्युएले दुसरा या राजाच्या नावाच्या निवासाकडे (२७३२ मीटर) जायचं. सुमारे ७७० मीटरची चढाई, अडीच-तीन तास. ही वाट मूळची राजाच्या शिकारीसाठी बांधलेली खेचरवाट. १८५६ साली त्याने हा प्रदेश शाही शिकारक्षेत्र केला, आणि त्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. आल्प्समध्ये सगळीकडे मारला गेलेला आयबेक्स, वळणदार लांब शिंगांचा रानबोकड, फक्त इथे तगून राहिला. आज आल्प्सभर दिसणारे सगळे आयबेक्स इथल्याच कळपांचे वंशज आहेत. १९२२ मध्ये इथे इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. चढताना ते दिसले तर लांबूनच बघा. हिवाळाभर उपाशी राहिलेल्या जनावराला पळायला लावणं म्हणजे त्याची उरलेली ताकद घालवणं.

हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारच्या उन्हात तो तापतो. म्हणून सकाळी निघून दुपारच्या आत वर पोचायचं. आणि निघण्याआधी बीकनची तपासणी: गाइड पुढे उभा राहतो, एकेक जण त्याच्यासमोरून जातो आणि आवाज येतो की नाही ते तो ऐकतो. त्या दिवशीचं हिमस्खलनाचं पत्रक गाइडबरोबर तुम्हीही वाचा. धोक्याची पातळी १ ते ५ असते, पण एकट्या आकड्याला अर्थ नाही. कोणत्या दिशेचे उतार, कोणत्या उंचीच्या वर, कशामुळे, हे त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. गाइडला विचारा, आज आपल्या वाटेवर असा उतार कुठे आहे. चांगल्या गाइडला हा प्रश्न आवडतो.

निवासात बूट बाहेरच्या खोलीत ठेवून तिथल्या चपला घालायच्या. झोपताना पांघरुणाच्या आत घ्यायची चादर आपली आणायची. जेवण ठरलेल्या वेळी, सगळ्यांचं एकत्र. शाकाहारी असाल तर जागा ठरवतानाच कळवा. पोलेंटा (मक्याच्या पिठाची लापशी) आणि चीज, पास्ता हे मिळतं, पण सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारावं लागतं.

जेवणाआधीच्या तासाभरात दुसऱ्या वेळच्या गाइडने आम्हाला निवासासमोरच्या बर्फात नेलं आणि प्रत्येकाकडून एक स्की आडवी पुरून, तिला स्लिंग बांधून नांगर करून घेतला. मग त्यावर दोघांनी मिळून ओढ दिली. "मी पडलो तर हे तुम्हाला करावं लागेल," एवढंच तो म्हणाला. दोरावरचा माणूस हिमभेगेत पडला की बाकीच्यांनी लगेच खाली बसायचं, स्कीच्या कडा बर्फात रुतवून झटका झेलायचा, आणि मग एकाने हा नांगर करून भार त्यावर द्यायचा. तुमचा गाइड हे स्वतःहून घेत नसेल तर तुम्ही मागा.

रात्री डोकं दुखलं, मळमळलं, झोप आली नाही, तर सकाळी सांगायचं. २७३२ मीटरवर हे कुणालाही होऊ शकतं. दोन रात्री काढल्या तर खूप फरक पडतो. औषध घ्यायचं असेल तर ते घरून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून.

हिमनदीवर

चार-साडेचारला उठायचं. १३३० मीटर चढायचं आहे, तासाला साधारण तीनशे मीटर, म्हणजे थांबे धरून साडेचार-पाच तास. सुरुवातीला थंडी वाजली पाहिजे एवढेच कपडे घाला. पहिल्या वीस मिनिटांत घाम आला तर तो पुढे वाऱ्यात गोठतो.

पावलं उचलू नका, स्की बर्फावरून सरकवा. वेग असा, की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. खडकाळ मोरेन (हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग) ओलांडून हिमनदीवर आलं की गाइड थांबतो आणि दोराचं ठरवतो. वसंतात जाड बर्फ असेल आणि वाट स्पष्ट असेल तर अनेकदा चढतानाही दोर बांधत नाहीत. बर्फ कमी असेल किंवा ढग आले असतील तर बांधतात. निर्णय त्याचा, पण हार्नेस मात्र निवासातूनच अंगावर. बांधल्यावर दोर तुमच्या आणि पुढच्याच्या मध्ये जवळजवळ ताठ राहिला पाहिजे. तो ढिला, वेटोळ्यांत पायाशी पडला, तर पडणारा तेवढा खोल जातो. थांब्यावर सगळ्यांनी एकत्र गोळा व्हायचं नाही, आणि गाइडने सांगितल्याशिवाय स्की काढायची नाही. स्कीमुळे वजन पसरतं, बुटाने ते एका जागी येतं.

३७०० मीटरच्या आसपास एक गोलसर धार लागते. इटालियनमध्ये तिचं नाव गाढवाची पाठ. शाबो नावाच्या दुसऱ्या निवासाकडून येणारी वाट इथेच मिळते आणि वाराही इथेच पहिल्यांदा अंगावर येतो. पहिल्या प्रयत्नात वाऱ्याने काठ्या आडव्या होत होत्या. माझ्या स्किन्समुळे आम्ही तासभर उशिरा होतो. गाइडने मागे वळून प्रत्येकाचा चेहरा पाहिला, माझ्या बोटांना चिमटा काढून बघितला आणि परत फिरायला सांगितलं. कुणी वाद घातला नाही. परतीची वेळ आदल्या रात्री जेवतानाच ठरलेली होती, आणि ती तेव्हाच ठरवावी. वर, शिखर डोळ्यांसमोर असताना, माणूस नीट विचार करत नाही.

पुढे शेवटच्या चढावर, सुमारे ४००० मीटरवर, स्की खोचून ठेवायच्या. आडव्या ठेवलेल्या स्की घसरल्या तर थेट हिमनदीत जातात. इथून क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स आणि दोर. खडकाची धार छोटी आहे पण दोन्ही बाजूंना खोल आहे. तिच्या टोकाला मडोनाची पांढरी मूर्ती. ४ सप्टेंबर १८६० रोजी कॉवेल आणि डंडास हे ब्रिटिश गिर्यारोहक इथे सर्वांत पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याबरोबर मिशेल पायो आणि ज्याँ तैराझ हे गाइड होते. गर्दीच्या दिवशी या धारेवर माणसं अडकून पडतात. रांग असेल तर मूर्तीपर्यंत न जाता परत फिरण्यात काही कमीपणा नाही. माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न, माँते रोझा धारेवरूनही तेवढेच दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा वारा नव्हता. दहा मिनिटं थांबलो, खजूर वाटले, कुणी फारसं बोललं नाही.

उतरताना

स्कींपाशी आल्यावर घाई करू नका. क्रॅम्पॉन काढणं, स्किन्स काढून दुमडणं, बूट उताराच्या स्थितीत आवळणं, बाइंडिंगची पुढची खीळ चढाईच्या कुलपातून उतरणीच्या स्थितीत आणणं. हे शेवटचं विसरलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो. मी मनात मोजतो: स्किन, बूट, टाच, खीळ, हेल्मेट.

उतारावर गाइडच्या खुणांजवळून वळा, त्याच्या वर थांबा, त्याच्या खाली कधीही नाही. दोघांत तीस-चाळीस मीटर अंतर. हा उतार पश्चिम-वायव्येकडे तोंड करून असल्याने ऊन उशिरा लागतं, वरचा भाग दहा-अकरापर्यंत कडकच राहू शकतो. तिथे मोठी, सावध वळणं घ्या. मांड्या थरथरायला लागल्या तर थांबून सांगा. या दिवसातली बहुतेक पडझड शेवटच्या पाचशे मीटरांत होते, कारण मन आधीच खाली पोचलेलं असतं.

निवासात ठेवलेलं सामान उचला, पाणी प्या, पण जेवायला रेंगाळू नका. पोंतच्या वरचा तो पश्चिमेकडचा उतार दुपारी ओला होतो आणि त्याच्यावरून ओला बर्फ सुटतो. बाराच्या आसपास तिथून पार झालेलं बरं. एप्रिलअखेरीस खालच्या झाडीत बर्फ तुटक असतो, तिथे स्की पाठीवर बांधून त्याच खेचरवाटेने चालावं लागतं. काही अपघात झालाच तर ११२ वर फोन करायचा.

बीकन गाडीचं दार उघडल्यावर बंद करा, त्याच्या आधी नाही.